देशी .३२ सहाबारी : आठ महिने आणि एक कोल्हापुरी पावसाळा

परवान्यावर घेतलेल्या देशी बनावटीच्या, मधून मोडून उघडणाऱ्या .३२ (इंचात मोजलेलं माप) रिव्हॉल्व्हरचा हा अनुभव. कारखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारात एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत, त्यामुळे एका नगावरून कारखान्याला नापास करणं बरोबर नाही. मूळ रचना वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची, म्हणजे भक्कम. कमी-जास्त होतं ते फिनिशिंगमध्ये. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानातच अर्धा तास काढा आणि समोरचा नग तपासा.

आधी उघडून सिलिंडरचे (फिरत्या नळकांड्याचे) सहाही चेंबर, म्हणजे काडतुसांची घरं, डोळ्यांनी रिकामे बघा. मग बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून हलवा. वरच्या कडीत (दोन्ही भाग बंद धरणाऱ्या अडकणीत) खुळखुळ जाणवली तर तो नग परत ठेवा, कारण पुढे हा ढिलेपणा वाढतच जातो. त्यानंतर सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून अंगठ्यानं घोडा सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर खाचेत बसून लॉक झाला पाहिजे. सहाही चेंबरवर हे करायचं. एखादं मागे राहू शकतं. लॉक न झालेल्या चेंबरमधली गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं उडवते.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. इंजिनाच्या टॅपेट सेटिंगला वापरतात तेच गेज, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठेही मिळतं. ०.१० ते ०.२० मिमी चांगलं, ०.२५ च्या वर नको. या नगात पाच चेंबरवर ०.१५ भरली, एकावर ०.२०. म्हणजे सिलिंडरचं तोंड काटकोनात घासलेलं नाही. वापरता येतं, पण त्या चेंबरच्या बाराला बाजूला ठिणगी जास्त पडते. फटीजवळ बोट कधीच नको. शेवटी चाप सोडलेला असताना घोड्याला मागून अंगठ्यानं ढकला. काडतुसावर ठोका देणाऱ्या पिनचं टोक पुढे डोकावलं तर नग धोकादायक आहे, घेऊ नका.

चाप जड आहे. घोडा चढवून ओढला तर हलका आणि स्वच्छ सुटतो, नुसता चाप ओढला तर खरखरत येतो आणि शेवटी नेम उजवीकडे ढळतो. डमी काडतुसं घालून रोज वीस-पंचवीस वेळा कोरडा सराव केल्यावर खरखर बरीच कमी झाली. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग कापून देणारे भेटतात. त्यांच्या नादाला लागू नका, घोड्याचा ठोका कमी पडतो आणि काडतूस फुटत नाही.

आता मुख्य गोष्ट, भरवसा. दीडशेच्या आसपास बार झाले. घोडा चढवून एकही मिस नाही. नुसत्या चापावर चार मिस. नुसत्या चापावर घोडा कमी मागे जातो आणि ठोका हलका बसतो, म्हणून हा फरक. कारण शोधायचं असेल तर चेंबरवर मार्करनं १ ते ६ आकडे टाका. मिस एकाच चेंबरवर होत असेल तर दोष सिलिंडरचा. सगळीकडे विखुरलेले असतील आणि दुसऱ्या ठोक्याला काडतूस फुटत असेल, तर स्प्रिंग अशक्त किंवा काडतुसाची टोपी (ठोक्यानं पेटणारा मागचा भाग) नीट बसलेली नाही. खोल खड्डा पडूनही फुटलं नाही तर काडतूसच खराब. मिस झाल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. आणि बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा बार अजिबात नको. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, मूळचं १८९६ चं. साधारण ६.४ ग्रॅमची शिशाची गोळी, ताकद ९ मिमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. ९ मिमी आणि .३८ आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून हेच. नेमबाजीत हे अचूक मानलं जातं, पण एका गोळीत माणूस जागेवर थांबेल असं धरून चालू नका. सराव पाच-सात मीटरवर, नुसत्या चापावर, तोही परवानगीच्या रेंजवरच करा.

रिकामी पुंगळी काढताना हात आखडता घेतला की ती चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या तुकड्याखाली) घसरते आणि रिव्हॉल्व्हर धड उघडंही राहत नाही, धड बंदही होत नाही. बाजूला तिरकं धरून एका झटक्यात पूर्ण उघडलं की सहाही बाहेर पडतात.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. काळा मुलामा पातळ आहे. जुलैत कडीखाली, स्क्रूच्या डोक्यांवर आणि मुठीच्या लाकडाखाली तांबूस डाग आले. चामड्याचं होल्स्टर आपल्याकडे सुरेख शिवून मिळतं, पण ते वागवण्यापुरतं, ठेवायला नको. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलसह कुलूपबंद पेटीत ठेवा आणि पावसात दर आठवड्याला पुसा. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि आतला खटका अडतो. बार काढल्यावर नळीचं मागचं तोंड पितळी ब्रशनं घासा, शिसं तिथेच साठतं.

ऑइल इंजिनाचे भाग घडवणारे हात गावात पुष्कळ आहेत, पण शस्त्राला हात लावायला शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीचा परवाना लागतो. ओळखीच्या लेथवर काहीही करून घेऊ नका.

दर पन्नास बारांनंतर सहाही चेंबरची फट मोजून वहीत मांडा. या नगात दीडशे बारांनंतर पहिल्या पाचांवर अजून ०.१५ च आहे, सहावं ०.२० वरून हललेलं नाही, आणि कडीही अजून घट्ट बसते.