‘आमोरेस पेर्रोस’: हाल कुत्रा न खाणारे प्रेम

स्पॅनिश भाषेत ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पण तोच शब्द विशेषणासारखा वापरला की वाईट, खडतर, माणसाला जेरीस आणणारे असे काहीतरी त्यातून सुचवले जाते. ‘आमोरेस’ म्हणजे प्रेम; ‘आमोरेस पेर्रोस’ या मेक्सिकन चित्रपटाच्या नावात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत आणि इंग्रजी अनुवादकांना त्यासाठी एका शिवीचा आधार घ्यावा लागला. मराठीला तेवढी ओढाताण करावी लागणार नाही. आपल्याकडे कुत्तरओढ आहे, कुत्र्याचे जिणे आहे, आणि एखाद्याची दैना सांगताना ‘त्याचे हाल कुत्रा खात नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. या चित्रपटातील जवळजवळ प्रत्येक प्रेम त्या एका वाक्प्रचारात बसते. फरक इतकाच, की येथे कुत्रा खरोखरच समोर बसलेला असतो.

आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २००० साली आला. त्याआधी ते मेक्सिको सिटीतील एका रेडिओ केंद्रावर निवेदक होते आणि पुढे जाहिरातपट करीत होते. पटकथा कादंबरीकार गिएर्मो आरिआगा यांची आहे. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले, आणि गाएल गार्सिया बेर्नाल हा तेव्हा जेमतेम एकविशीतला नट जगाला माहीत झाला. एवढी माहिती कोणत्याही संकेतस्थळावर सापडते. मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीविषयी. या चित्रपटाचे नाव निघाले की सगळे जण त्यातील अपघाताविषयी बोलतात, आणि मलाही पहिल्यांदा तोच तेवढा लक्षात राहिला होता. दुसऱ्यांदा पाहिल्यावर वाटले की अपघात हे निमित्त आहे. या माणसांना जे घाव बसतात ते अपघाताच्या आधीच घरात बसलेले आहेत.

चित्रपट सुरू होतो तो भरधाव गाडीत. गाडी चालवणारा ओक्ताव्हियो आणि त्याचा मित्र होर्हे एकमेकांवर ओरडत आहेत, मागच्या सीटवर रक्तबंबाळ कुत्रा धापा टाकत पडला आहे, आणि पाठलागावर असलेल्या पिकअपमधून बंदुका रोखलेल्या दिसतात. सिग्नल मोडून गाडी चौकात घुसते आणि दुसऱ्या गाडीवर आदळते. त्या दुसऱ्या गाडीत व्हालेरिया नावाची प्रसिद्ध मॉडेल असते. पदपथावर एल चिव्हो, म्हणजे ‘बोकड’, या नावाने ओळखला जाणारा दाढीवाला भणंग उभा असतो. हाच अपघात चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो. एकदा गाडीच्या आतून, एकदा व्हालेरियाच्या बाजूने, एकदा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून. या तिघांची एकमेकांशी ओळख नाही आणि चित्रपट संपेपर्यंत ती होतही नाही. ज्या बाईच्या आयुष्याची आपण वाट लावली ती कोण, हे ओक्ताव्हियोला कधी कळत नाही. २००४ सालच्या मणिरत्नम यांच्या ‘युवा’मध्ये कोलकात्याच्या पुलावर एकत्र येणारी तीन तरुण माणसे ज्यांना आठवत असतील, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल, मात्र तेथे अनोळखी तरुण पुढे एकमेकांच्या समोर उभे ठाकतात, येथे ते एकमेकांच्या अंगावरून निघून जातात.

पहिली गोष्ट ओक्ताव्हियोची, आणि माझ्या मते चित्रपटातील सर्वांत भरीव. मोठा भाऊ रामिरो दिवसा सुपरमार्केटमध्ये कॅश काउंटरवर बसतो आणि उरलेल्या वेळात दुकाने लुटतो. त्याची बायको सुसाना अजून शाळेच्या गणवेशात वावरते; कडेवर एक मूल आहे, पोटात दुसरे. ओक्ताव्हियोचे या वहिनीवर प्रेम आहे. एका दुपारी ती शाळेतून येते, दार उघडते, आणि घरचा रॉटवायलर कुत्रा कोफी तिच्या पायांजवळून बाहेर निसटतो. गल्लीतील झुंजी लावणारा हारोचो आपला कुत्रा त्याच्या अंगावर सोडतो आणि कोफी त्या कुत्र्याला ठार करतो. भावाच्या घरातला हा पाळीव प्राणी पैसे कमावू शकतो, हे ओक्ताव्हियोला त्या क्षणी उमगते. मग झुंजी, नोटांच्या गड्ड्या, नवी गाडी, आणि सुसानाला पळवून नेण्याचे बेत. प्रत्येक झुंजीनंतर तो नोटा तिच्या हाती ठेवतो आणि ती त्या लपवून ठेवते. तो तिला भविष्य देऊ पाहतो आहे, असे त्याला वाटते. प्रेक्षकाला मात्र दिसत राहते की ज्या पैशाने त्याला भावापासून तिची सुटका करायची आहे, त्याच पैशाने तो भावाला मारहाण करवून घेतो. रामिरो आणि ओक्ताव्हियो यांच्यात फार अंतर उरलेले नसते, आणि हे सुसानाला त्याच्याआधी कळलेले असावे. व्हानेसा बाउचे यांनी ही भूमिका इतक्या कमी बोलण्यात केली आहे, की तिचे मन नेमके कोणत्या दृश्यात बदलले हे बोट ठेवून सांगता येत नाही.

सासूचे एक छोटे दृश्य आहे. सुसाना बाळाला सांभाळाल का म्हणून विचारते आणि सासू साफ नकार देते. मी माझी वाढवली, तू तुझे वाढव, असा त्याचा मथितार्थ. त्या बाईचे मोठ्या मुलावरचे प्रेम आणि धाकट्यावरचा त्रागा स्वयंपाकघरातील दोन-तीन प्रसंगांत उरकलेला आहे, पण पुढे घडणाऱ्या खुनशीपणाचे मूळ मला तेथे दिसले.

झुंजींविषयी वेगळे लिहायला हवे, कारण अनेक जण त्यासाठीच हा चित्रपट टाळतात. चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही, असे निवेदन चित्रपटाच्या सुरुवातीलाच येते. प्रत्यक्ष चावा-ओरबाडा पडद्यावर फारच थोडा वेळ असतो. आपल्याला दिसतात ती पैसे मोजणारी बोटे, ओरडणारे चेहरे आणि झुंज संपल्यावर फरफटत नेलेले कुत्र्याचे धूड. गोव्यात धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पाहिलेल्या माणसाला त्या घोळक्याचा स्वर लगेच ओळखू येईल. तरीही ज्यांना कुत्र्याचे विव्हळणे ऐकवत नाही त्यांनी हा चित्रपट पाहू नये, असे मी स्पष्टच सांगेन. प्रतिमेपेक्षा आवाज जास्त छळतो.

तिसरी गोष्ट एल चिव्होची. हा माणूस एके काळी विद्यापीठात शिकवत होता. जग बदलायचे म्हणून बायको आणि लहान मुलगी मारू यांना सोडून तो गनिमी लढ्यात गेला, तुरुंगात वर्षानुवर्षे राहिला, आणि आता भटकी कुत्री घेऊन हातगाडी ओढत फिरतो व सुपारी घेऊन माणसे मारतो. मेक्सिकोत ७१ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष २००० सालीच अध्यक्षपदाची निवडणूक हरला. चित्रपटात त्यावर एक अक्षर नाही, पण ज्या राजवटीशी लढायला हा माणूस घर सोडून गेला तिचा शेवट आणि त्याची ही अवस्था एकाच वर्षी पडद्याच्या आत-बाहेर घडत होती, हे तेव्हाच्या मेक्सिकन प्रेक्षकाला कोणी सांगावे लागले नसेल. अपघाताच्या ठिकाणाहून तो ओक्ताव्हियोचे पैसे आणि जखमी कोफीला उचलून नेतो. कुत्र्याची शुश्रूषा करतो, त्याला बरे करतो. एके दिवशी घरी परततो तर कोफीने त्याच्या सगळ्या कुत्र्यांना मारून टाकलेले असते, कारण त्याला तेवढेच शिकवलेले होते. एल चिव्हो पिस्तूल रोखतो, आणि झाडत नाही. एमिलियो एचेव्हारिया यांचा चेहरा त्या वेळी जे करतो ते मी येथे शब्दांत मांडायला जाणार नाही. भाडोत्री मारेकऱ्याने समोरच्या जनावरात स्वतःला ओळखणे ही कल्पना कागदावर बेगडी वाटेल, पण पडद्यावर ती पटते.

त्याला मिळालेली सुपारीही एका भावाने दुसऱ्या भावाची दिलेली असते. म्हणजे पहिल्या गोष्टीत दोन भाऊ, तिसऱ्या गोष्टीत दोन भाऊ, आणि दोन्हीकडे पैसा. त्या दोघांचे एल चिव्हो पुढे काय करतो तो प्रसंग मात्र मला नाटकी वाटला. कल्पना जबरदस्त आहे, पण आरिआगा यांना ती स्वतःलाच फार आवडली असावी. तेथे पात्रांच्या मागे उभा असलेला लेखक दिसतो. त्याउलट, मारूच्या रिकाम्या घरात जाऊन एल चिव्हो तिच्या फोनच्या उत्तरयंत्रावर बोलू लागतो तेव्हा कोणतीही युक्ती नसते. मुलीशी बोलायला शब्द सापडत नसलेला बाप, एवढेच.

मधली गोष्ट व्हालेरियाची. बहुतेकांना ती रटाळ वाटते, मलाही वाटली होती. दानिएल हा मासिकाचा संपादक बायकामुलींना सोडून तिच्यासोबत नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. समोरच्या इमारतीवर तिचा प्रचंड जाहिरातफलक, खिडकीतून दिसेल असा. अपघातात तिचा पाय चिरडतो, ती चाकांच्या खुर्चीत येते, आणि तिचा लाडका छोटा कुत्रा रिची लाकडी जमिनीच्या तुटलेल्या फळीतून खाली पडून नाहीसा होतो. नंतर बराच काळ दोन माणसे आणि जमिनीखालून येणारा खरवडल्यासारखा आवाज एवढेच घडते. रस्त्यावरच्या पळापळीनंतर ही संथ गती अंगावर येते. पण भांडणे कशी वाढतात ते पाहावे: आधी कुत्र्यावरून, मग खर्चावरून, मग ‘तुझ्यासाठी मी काय सोडले’ यावरून. पहिल्या गोष्टीत गरिबीमुळे माणसे एकमेकांना ओरबाडतात असे म्हणण्याची सोय आहे. येथे ती काढून घेतलेली आहे. समोरच्या फलकाचे शेवटी काय होते ते मी सांगत नाही, पण त्यावर दिसणारा एक स्पॅनिश शब्द, ‘दिस्पोनिब्ले’ म्हणजे ‘उपलब्ध’, इंग्रजी येत नसलेल्यालाही उपशीर्षकांशिवाय कळेल.

रोद्रिगो प्रिएतो यांचे छायाचित्रण हातातल्या कॅमेऱ्याने केलेले आहे आणि फिल्मवर ब्लीच बायपास ही रासायनिक प्रक्रिया केल्यामुळे चांदीचा अंश तीत राहून काळोख अधिक काळा व रंग उतरलेले दिसतात. गुस्ताव्हो सांताओलाया यांचे संगीत थोडे आहे आणि तेवढेच पुरेसे आहे. लांबी १५४ मिनिटे. त्यातली दहा-पंधरा मिनिटे मी बिनदिक्कत कापली असती. स्त्री पात्रांना लेखकाने पुरुषांच्या तुलनेत कमी दिले आहे, ही तक्रारही राहते. मारू तर जवळजवळ छायाचित्रातच आहे.

उपशीर्षकांबद्दल एक गोष्ट. ओक्ताव्हियो आणि त्याचे मित्र वाक्यागणिक ‘वेय’ म्हणतात. मूळ ‘बुएय’, म्हणजे बैल, या शब्दापासून तो आलेला आहे. मित्राला हाक मारतानाही तो चालतो आणि मूर्ख ठरवतानाही. इंग्रजी पट्टीत त्याची विल्हेवाट लागते, पण आपल्याकडे दोस्ताला ‘अरे बैला’ म्हणणारे कमी नाहीत, तेव्हा मराठी प्रेक्षकाने तो शब्द कानांनीच ऐकावा. २०२० साली निघालेली ४के प्रत मिळाली तर तीच पाहावी, कारण काळोखातले तपशील जुन्या डीव्हीडीवर बुडून जातात. मध्ये थांबायचेच असेल तर पहिली गोष्ट संपल्यावर थांबावे. फळीखालचा तो आवाज सुरू झाल्यावर चित्रपट बंद करून झोपायला गेल्यास काय होते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. रात्री दोन वाजता उठून मी स्वतःच्या घरातली पलंगाखालची फरशी तपासली होती.