अंबडच्या कामगार संघटनेची दिनदर्शिका: चित्रे वारलींची, रजा मात्र इतरांच्या

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कामगार संघटनेने यंदाची भिंतीवरची दिनदर्शिका वारली चित्रांनी सजवून ८० रुपयांना विक्रीस ठेवली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येऊन ठेकेदाराच्या हजेरीपटावर राबणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी तरुणांना संघटना आपली वाटावी, असा हेतू पहिल्याच पानावर नोंदवला आहे.

ऑक्टोबरचे पान उत्तम उतरले आहे. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या वाजवी मजुरीसाठी किसान सभेच्या लाल बावट्याखाली लढा दिला, त्यात १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले, हा इतिहास मोजक्या ओळींत देऊन त्याभोवती विळे घेतलेल्या माणसांची रांग फिरवली आहे. मजुरीचा लढा आणि चित्र येथे एकमेकांना शोभतात.

मे महिन्याचे पान मात्र खटकते. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात आणि त्याच्या मध्यभागी सुफलतेची पालघट देवी असते; येथे तिला हटवून संघटनेचे दातेरी चक्र बसवले आहे. कामगार दिन उठून दिसावा एवढाच विचार त्यामागे असणार, पण छपाईपूर्वी एखाद्या वारली सभासदाला पान दाखवले असते, तरी पुरे होते.

त्याहून मोठी उणीव तारखांची आहे. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती लाल अक्षरांत आहेत, परंतु वाघदेवाच्या पूजेची वाघबारस आणि मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव यांचा कोठेही उल्लेख नाही. सुरगाण्याचा कामगार रजा मागतो ती याच दिवसांसाठी, आणि ठेकेदार खाडा लावतो तोही याच दिवसांचा. संघटनेने निदान आपल्या दिनदर्शिकेत तरी ते छापायला हवे होते.

पानांच्या मागे ग्रॅच्युइटी, बोनस, भविष्य निर्वाह निधी यांची माहिती नीटनेटकी आहे. ठेकेदाराने पगार थकवल्यास तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कारखान्यावर येते, ही आदिवासी तरुणांच्या सर्वाधिक कामाची ओळ मात्र डिसेंबरच्या तळाशी बारीक टाइपात गेली आहे. चित्रकाराचे नाव कोठेच नाही. छापखान्याचे आहे, पत्त्यासह. कागद जाड आहे आणि तारखेच्या चौकटीत हजेरी, ओव्हरटाइम लिहिण्याइतकी जागा आहे, त्यामुळे ८० रुपये जास्त वाटत नाहीत.