वॉकिंग फूट: जाड कापड शिवणाऱ्यांनी घ्यावा का?

वॉकिंग फूट म्हणजे शिलाई मशीनवर कापड दाबून धरणाऱ्या साध्या फूटच्या जागी लावायचा वेगळा फूट. सहा महिने वापरून लिहून राहिले, म्हणजे पूर्ण खात्रीने. झालं असं की आईच्या जुन्या साड्यांची गोधडी मशीनवर शिवून राहिले होते, पाच थर, मधे जुनी चादर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वरची साडी बोटभर जास्तीची उरायची न तिथे चुण्या पडायच्या. दोनदा उसवली. सगळे म्हणे मोटर कमी पडते, मोठी मशीन घे. पण मोटरचा प्रश्नच नव्हता, मशीनच्या पत्र्यातले खालचे दात खालचं कापड ओढतात आणि वरचं फूटखाली घासत मागे राहतं. वॉकिंग फूटला वरूनही दात असतात, ते खालच्या दातांसोबत चालतात, म्हणून सगळे थर एकदमच सरकतात. तिसऱ्यांदा तीच गोधडी शिवली तर चारही कडा बरोब्बर जुळल्या, मी हात फिरवून फिरवून बघत होते!

कूलरचं रेक्झिन कव्हरही त्यावरच शिवलं. साध्या फूटला रेक्झिन चिकटतं आणि एकाच जागी टाके पडत बसतात, यात तसं झालं नाही. फक्त टाचण्या लावू नका, रेक्झिनवर पडलेलं भोक बुजत नाही, कपड्याचे चिमटे लावा.

आता जे होत नाही ते पण सांगते. जीन्सच्या खालच्या पट्टीत जिथे बाजूची जाड शिलाई येते तिथे हा फूट पण अडतोच. तिथे १६ नंबरची सुई, जास्तच जाड असेल तर १८, टाक्याची लांबी साडेतीन-चारवर, आणि फूटच्या मागच्या भागाखाली जीन्सचाच तुकडा घडी करून ठेवायचा म्हणजे फूट सपाट राहतो, मग चाक हाताने फिरवत तेवढे चार-पाच टाके काढायचे. रिव्हर्स यावर नीट येत नाही, मी दोरे लांब ठेवून मागे गाठ मारते. आवाज खडखड येतो, घाबरू नका, पण मशीन हळूच चालवा.

लावताना या फूटच्या बाजूचा दांडा सुईच्या स्क्रूवर बसलाच पाहिजे. तो खाली राहिला तर वरचे दात हलतच नाहीत आणि आपल्याला वाटतं फूटच खराब निघाला.

मी पहिला ऑनलाइन मागवला होता, तो हाय शँकचा आला, माझी झिगझॅग मशीन लो शँकची (शँक म्हणजे फूट जिथे बसतो ती दांडी, हाय म्हणजे उंच, लो म्हणजे बुटकी), पैसे अडकले ते अडकलेच. फूट खाली करून त्याच्या स्क्रूपासून खालच्या पत्र्यापर्यंत मोजा, अर्धा इंच भरलं तर लो शँक, एक इंच भरलं तर हाय. दुसरा मग इतवारी बाजारात जाऊन घेतला. जाताना मशीनचा जुना फूट पर्समधे टाकून नेला होता, दुकानदार काकांनी दोन्ही फूट बाजूबाजूला धरून उंची जुळवली आणि मगच डबा हातात दिला.