सेवा केंद्राचा कॉम्प्युटर: क्रॅक, मूळ विंडोज की लिनक्स?

दारव्हा असो, मेहकर असो की आर्वी, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान टाकणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "फॉरमॅट मारून अ‍ॅक्टिव्हेटर टाकून देतो, विंडोज-ऑफिस दोन्ही चालू." अ‍ॅक्टिव्हेटर म्हणजे परवाना विकत न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम, म्हणजेच क्रॅक. पैसे वाचतात, हे खरं. तरी केंद्रासाठी मी हा पर्याय सरळ बाद करीन.

असे बरेच अ‍ॅक्टिव्हेटर मोठ्या संस्थांमध्ये विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायच्या केएमएस पद्धतीची नक्कल करतात. तिथे संस्थेचा सर्व्हर मान्यता देतो आणि ती 180 दिवस टिकते. अ‍ॅक्टिव्हेटर असाच खोटा सर्व्हर उभा करतो. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, अ‍ॅडमिनचे हक्क मागतो. कुणी लिहिला हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रामला आपण सगळं मोकळं करून देतो! 2021 मध्ये केएमएसपिको या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा घातक प्रोग्राम पसरत असल्याचं उघड झालं. तो ब्राउझरमधले पासवर्ड चोरतो. केंद्राच्या कॉम्प्युटरवर आधारच्या प्रती, पासबुकं, पीक विम्याचे अर्ज असतात. रांगेतल्या शेतकऱ्याला हा धोका कुणी विचारलेला नसतो, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. दुकानाला ती सवलत नाही.

मूळ विंडोजचं म्हणाल, तर लॅपटॉप विंडोज होमसह घेतला असेल तेव्हा परवाना बहुधा मदरबोर्डमध्येच असतो. दुकानदार त्यावर विंडोजची महागडी प्रो आवृत्ती टाकून क्रॅक मारतो. पुन्हा होमच टाका, इंटरनेट जोडताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस मोफत आहे. अ‍ॅक्टिव्हेट न केलेलं विंडोजही क्रॅकपेक्षा सुरक्षित. कोपऱ्यात सूचना दिसते, वॉलपेपर सेटिंगमधून बदलत नाही, पण सुरक्षा अपडेट येतात. परवाना मात्र त्यातही नाही, म्हणून ते चार दिवसांपुरतंच.

विंडोजच्या जागी टाकता येणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम मोफत आणि कायदेशीर, युनिकोड मराठीही छान चालते. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन चालतं का, ते आधी तपासा. टायपिंगच्या दुसऱ्या मशीनला मी बिनधास्त मिंट टाकीन.

क्रॅक आधीच टाकला असेल तर कामाच्या फाइल्स तेवढ्या बाजूला काढून कोरं फॉरमॅट करा आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.