कलौंजी, जवस की तीळ? फवारलेल्या भाजीच्या धास्तीने तेल निवडताना

इंदूरच्या सियागंज बाजारात तेल घेताना हल्ली दुकानदाराला हमखास विचारलं जातं, “कीटकनाशकावर यातलं कोणतं चालतं?” प्रश्न अगदीच हवेतला नाही. उंदरांवर असे प्रयोग भरपूर झालेत. एका गटाला नुसतं कीटकनाशक, दुसऱ्याला त्यासोबत तेल. मग रक्तातली एएलटी-एएसटी (यकृत दुखावलं की वाढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम) आणि पेशींतलं मॅलोनडायअल्डिहाइड (पेशींतल्या मेदाची नासाडी दाखवणारं रसायन) मोजायचं. तेलवाल्या गटात हे आकडे सहसा कमी भरतात. म्हणजे यकृताची हानी कमी झाली. विष बाहेर पडलं, असं मात्र नव्हे.

पुराव्यात कलौंजीचं तेल पुढे दिसतं, त्यातल्या थायमोक्विनोन या घटकामुळे. पण चव कडवट-तिखट, आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

जवसाच्या (आपल्या इंदुरी बोलीत अलसीच्या) तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-3 मेदाम्ल) असतं. ते आच सोसत नाही. फोडणीला घालाल तर पैसे वाया. खिचडीवर कच्ची धार बरी. बाटली लहान घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, खवट वास आला की सरळ फेका.

तिळाचं तेल फोडणीला चालतं, त्यातल्या सेसमॉलसारख्या घटकांमुळे टिकतंही. गंमत अशी, की पायरेथ्रम या कीटकनाशकात तिळाचं तेल मिसळलं तर किडे जास्त मरतात, हे 1940 च्या दशकातच कळलं होतं. विष पचवणारी किड्यांची विकरंच तिळातला सेसमिन हा घटक अडवतो. ताटातल्या तिळाला त्यामुळे भ्यायचं कारण नाही, पण ‘तेल विष उतरवतं’ म्हणणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

मात्रेचंही बघा. उंदराला किलोमागे 1 मिली दिलं, म्हणून 60 किलोच्या माणसाने 60 मिली ढोसायचं नसतं. रूढ हिशेबाने उंदराची मात्रा सहाने भागतात, म्हणजे साधारण 10 मिली.

मी तिळाचं फोडणीला, जवसाचं वरून घेईन. कलौंजी आवडत असेल तरच. आणि भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरचा अंश बराच उतरतो, झाडात भिनलेला नाही.

सांवेर-देपालपूरकडे सोयाबीन फवारणाऱ्यांसाठी मात्र ही निवडच नाही. औषध पोटात गेलं तर तेल-दूध काही पाजू नका. चरबीत विरघळणारी विषं त्याने जास्त शोषली जाऊ शकतात. डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा तिथेच मिळेल.