खोकं उघडण्याआधीच ठरवा: ॲक्टिव्ह स्पीकर की वेगळा ॲम्प्लिफायर?

गोव्यात फोंड्याला ओळखीच्या एका घरात सध्या हाच खल चालू आहे: केईएफ या स्पीकर कंपनीचे एलएस५० मेटा घेऊन त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर जोडायचा, की एलएस५० वायरलेस टू हे ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेले स्पीकर घ्यायचे? दोन्ही २०२० साली आले, दोघांत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, त्याच जातीचा: खालचे सूर काढणाऱ्या वूफरच्या शंकूच्या मधोमध वरच्या सुरांचा ट्वीटर बसवलेला. आवाजाचा पोत सारखाच. म्हणून मी त्यांना सांगितलं, खोकं उघडल्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत काय काय करावं लागेल ते बघा आणि मग ठरवा.

वायरलेसचं काम तासाभरात उरकतं. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पेटीतच असतो, वूफरला २८० वॅट आणि ट्वीटरला १०० वॅट. पण दोन्ही स्पीकरना वेगळा प्लग लागतो, आणि आपल्या जुन्या घरांत सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, प्लग असतो एखादाच. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय धड पोचत नाही, तेव्हा राउटर आत असेल तर लॅन केबल ओढून घ्या. दोन स्पीकरमधली केबलसुद्धा जोडाच. तिच्यातून सिग्नल जास्त बारकाव्यानं जातो, १९२ किलोहर्ट्झपर्यंत; बिनतारी ९६. ॲपमध्ये भिंतीपासूनचं अंतर भरलं की बेस आटोक्यात येतो. पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमध्ये स्पीकर भिंतीलगतच ठेवावे लागतात, तिथे ही सोय फार मोलाची.

मेटाला मात्र वेळ द्यावा लागतो. स्पीकर प्रत्येकी आठेक किलोचा, पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर निघणारा आवाज, ८५ डेसिबलच, त्यामुळे लहानसहान ॲम्प्लिफायर पुरत नाही. कंपनी ४० ते १०० वॅट सुचवते. ॲम्प्लिफायरचं खोकं एसी गाडीतून आणलंत तर तसंच बंद रात्रभर घरात राहू द्या. जूनच्या दमट हवेत गार धातूवर लगेच दव धरतं, आणि ते आतल्या बोर्डवरही असतं. वायर सोलताना तांब्याचा एकही केस बाहेर राहता कामा नये. लालचा केस काळ्याला टेकला की शॉर्ट झालंच. मी प्रत्येक टोक पिळून, बनाना प्लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या पिनमध्ये) घट्ट आवळून, टॉर्च मारून बघतो आणि मगच स्विच लावतो. समुद्राजवळच्या घरात उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणूनही प्लग हवेतच. स्टँड पोकळ असतील तर त्यांत वाळू भरावी, पण किनाऱ्यावरची नको. तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि लोखंड आतून गंजतं.

खोलीची मेहनत दोन्हींना सारखीच. ट्वीटर कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण. तांबड्या कोब्याच्या जमिनीवर टाळी वाजवून बघा. घुमली तर आधी जाड सतरंजी अंथरा. मग तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. मधल्या दोन, जोडाच्या तारा एकमेकींत मिसळून गेल्या तर स्पीकर भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या आणि पुन्हा ऐका.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे ॲक्टिव्ह स्पीकर होते. मे महिन्याच्या शेवटी वीज कडाडली आणि एका स्पीकरचा बोर्ड गेला. अख्खी पेटी मुंबईला पाठवली, ती अडीच महिन्यांनी आली. त्या काळात दुसरा स्पीकर तेवढा कोपऱ्यात बसून होता, रेडिओपुरतासुद्धा उपयोग नाही. वेगळा ॲम्प्लिफायर असता तर तेवढाच गेला असता. तो इथलाही चांगला मेकॅनिक उघडून बघतो, आणि तोवर शेजाऱ्याचा आणून स्पीकर चालवता येतात.

म्हणून गोव्यातल्या स्वतःच्या घरात, वर्षानुवर्षं राहायचं असेल तर मी मेटा घेईन, खर्च थोडा वाढला तरी. भाड्याचा फ्लॅट, जागा कमी, तारांचा पसारा नको असेल तर वायरलेस खुशाल घ्या. मात्र वीज चमकायला लागली की दोन्ही प्लग आणि लॅन केबल काढून ठेवायची, न चुकता. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

आणि खोकी टाकू नका. वायरलेसवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण दुरुस्तीला पेटी पाठवायची झाली तर तोच थर्माकोल लागतो. पण माळ्यावर तशीच ठेवलीत तर दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्याला वाळवी लागेल. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा.