मानेत काही नाही, तरी मान उघडायची?

"जिभेवरचा कॅन्सरचा भाग काढून टाकू, छोटाच आहे. आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढून घेऊ." ओपीडीत डॉक्टर हे सांगतात तेव्हा पहिल्या वाक्याला घरचे मान डोलावतात आणि दुसऱ्याला एकमेकांकडे बघायला लागतात. मानेत काही नाही म्हणाले होते ना? हाताला काही लागत नाही, सोनोग्राफी चांगली, सीटी चांगला. मग कशाला?

आमच्या दाजींच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. त्यानंतर ओळखीपाळखीतून असे फोन येत राहिले. तंबाखू-चुना, मावा, विदर्भात खर्रा, बायकांमध्ये मिश्री. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण तोंडाचा कॅन्सर काही गेला नाही. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. फाइल घेऊन रांगेत बसलेला आणि नंतर कुतूहलापोटी बरंच वाचलेला माणूस आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपण तोंडातल्या कॅन्सरलाही गाठ म्हणतो आणि मानेतल्या लसिका ग्रंथींनाही गाठीच म्हणतो. निम्मा गैरसमज इथेच होतो. मानेतल्या ग्रंथी प्रत्येकाला असतात, आजारी असो वा नसो. तोंडातून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा तिथे अडकतात. "गाठी काढू" म्हणजे डॉक्टरांना मानेत कॅन्सर सापडलाय असं नव्हे. तिथे तो लपला असेल अशी शंका आहे, एवढंच.

हा सगळा प्रश्न तोंडातला कॅन्सर साधारण ४ सेंटिमीटरपर्यंतचा असेल आणि मान तपासात मोकळी दिसत असेल, तेव्हाचाच. मानेत गाठ आधीच लागत असेल तर निवड उरत नाही, मान करावीच लागते, म्हणजे तिथल्या गाठी काढाव्याच लागतात.

दोन बाजू

मान तशीच ठेवून थांबून पाहायला सांगणारे खुळे नव्हते, हे आधी कबूल करू. त्यांचं गणित सरळ होतं. मोकळ्या दिसणाऱ्या अशा 100 माना उघडल्या, तर 70च्या आसपास मानांत काहीच सापडत नाही. म्हणजे 70 जणांना चिरा, नळी, आखडलेला खांदा, आणि हाती शून्य. त्यापेक्षा नियमित तपासत राहू, गाठ आली की काढू. अनेक वर्षं जगभर एक ठोकताळाही चालायचा: मानेत रोग लपलेला असण्याची शक्यता 20 टक्क्यांच्या वर वाटली तर मान करा, नाहीतर थांबा. ती शक्यता किती, हे मात्र ज्याचा त्याचा अंदाज. फ्रान्स, ब्राझील, हाँगकाँग आणि आपल्याकडेही यावर तुलनात्मक चाचण्या झाल्या होत्या. पण प्रत्येकीत रुग्ण शंभराच्याही आत, त्यामुळे वाद मिटला नव्हता.

तो मिटवला परळने. टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 596 रुग्ण एका चाचणीत घेतले. कोणाची मान लगेच करायची आणि कोणाची गाठ आल्यावर, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं; डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही. खरं तर 710 जण घ्यायचे होते. पण पहिल्या 500 जणांचा हिशोब तपासला तेव्हा फरक एवढा स्पष्ट होता, की देखरेख समितीने चाचणी वेळेआधी थांबवायला सांगितली. निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

तीन वर्षांनी, मान लगेच केलेल्यांपैकी 80 टक्के जिवंत होते. थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. आजार न उलटता जगणारे एकीकडे 69.5 टक्के, दुसरीकडे 45.9. वेगळ्या भाषेत सांगायचं तर आठ जणांची मान लगेच केली की एक मृत्यू टळतो, आणि चार जणांची केली की एकाचा आजार उलटणं टळतं. कॅन्सरच्या उपचारांत एवढा मोठा फरक, तोही नवं औषध न वापरता केवळ ऑपरेशनची वेळ बदलून, क्वचितच दिसतो.

त्या 70 मोकळ्या मानांचं काय, हा प्रश्न तरी उरतोच. या चाचणीतही लगेच मान केलेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांच्याच गाठींत रोग निघाला. पण थांबलेल्यांकडे बघा. त्यांच्यातल्या 45 टक्के लोकांच्या मानेत पुढे गाठ आलीच, आणि ती आली तेव्हा जास्त पसरलेली, बऱ्याचदा ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेली होती. सर्जन मानेचे वरून खाली पाच भाग धरतात, त्यांना पातळ्या म्हणतात. लगेच करतात ते ऑपरेशन वरच्या तीन पातळ्यांपुरतं असतं. गाठ आल्यावर पाचही पातळ्या साफ कराव्या लागतात, वर रेडिएशन. म्हणजे थांबणं म्हणजे ऑपरेशन टाळणं, असं आपण धरून चालतो ते चूक आहे. सगळ्यांचं लहान ऑपरेशन आज, की जवळजवळ निम्म्यांचं मोठं ऑपरेशन उद्या, अशी ही निवड आहे. हे कोणी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चार रात्रींची झोप वाचली असती.

आणखी एक गोष्ट, जी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. चाचणीत थांबलेल्यांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. पहिले सहा महिने दर 4 आठवड्यांनी तपासणी, पुढचे सहा महिने दर 6 आठवड्यांनी, दुसऱ्या वर्षी दर 8 आठवड्यांनी. वर्षाला दहा-एक फेऱ्या, त्याही तोंडाच्या कॅन्सरचा रोजचा सराव असलेल्या हातांकडे. एवढं करूनही थांबणारे मागे पडले. आता आपल्याकडचा फॉलोअप आठवा. जखम भरली, जेवण सुरू झालं, की "आता बरंय ना, कशाला जायचं" सुरू होतं. सोयाबीनची काढणी असते, पोरीचं लग्न असतं, एसटीचा संप असतो. थांबून पाहायचं तर "पाहायचं" हा भाग कोण करणार, हे घरात बसून प्रामाणिकपणे ठरवा.

खांद्याची किंमत

दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. चाचणीत मान लगेच केलेल्यांपैकी 6.6 टक्के लोकांना ऑपरेशनशी संबंधित त्रास झाला, थांबलेल्यांपैकी 3.6 टक्क्यांना. पण कागदावर "त्रास" म्हणून न चढणारंही बरंच असतं.

दाजींचंच सांगतो. मानेतून निघालेली नळी आणि तिला लावलेला चेपलेला रबरी फुगा चार दिवस उशाला होता. त्यात किती पाणी आलं ते ताई दर सकाळी वहीत लिहायची. कानाची पाळी बधिर झाली, ती अजून थोडी आहेच. दाढी करताना वस्तरा लागला तरी कळत नाही, म्हणून ते आता आरशाला नाक टेकवून दाढी करतात. खालचा ओठ महिनाभर एका बाजूला ओढल्यासारखा होता, तो सुधारला.

खरा त्रास खांद्याचा. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस आहे, अकरावी. ती कापत नाहीत, पण तिच्या आजूबाजूच्या गाठी काढताना ती ताणली जाते आणि मग काही महिने रुसते. हात खांद्याच्या वर जात नाही. दाजींना खुंटीवरचा सदरा काढता येईना, डोक्यावर तांब्या ओतता येईना. यावर उपाय फिजिओथेरपी, आणि ती लवकर सुरू करायला हवी. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे हे तिसऱ्या फेरीला, तेही आम्ही विचारल्यावर सांगितलं गेलं. तोपर्यंत खांदा चांगलाच आखडला होता. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथपर्यंत पोहोचलं तिथे पेन्सिलीची खूण, शेजारी तारीख. त्या खुणा हळूहळू वर सरकल्या. सहाव्या महिन्यात एका रविवारी त्यांनी माळ्यावरची पेटी स्वतः उतरवली आणि ताईच्या शिव्या खाल्ल्या.

त्यांच्या रिपोर्टमध्ये 31 गाठी होत्या. एकीत रोग निघाला, सीटीत न दिसलेला. म्हणून रेडिएशन झालं. एका माणसावरून कोणी काही ठरवू नये, मीही ठरवत नाही. मोठी चाचणी करतात ती याचसाठी. पण मान केल्याचा हा दुसरा फायदा लक्षात घ्या: पुढे रेडिएशन लागेल का, हे अंदाजाने नाही, काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरतं. "पेट स्कॅन करून खात्री करू" असं बरेच जण सुचवतात. काही मिलिमीटरांपेक्षा लहान कॅन्सरचे साठे त्यातही सुटू शकतात. मोकळा स्कॅन म्हणजे मोकळी मान नव्हे.

मधली वाट

सगळ्या मानेऐवजी फक्त पहिल्या एक-दोन गाठी काढून बघायच्या, ही तिसरी पद्धत. तिला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती जुनी झाली आहे. ऑपरेशनच्या आधी जिभेवरच्या जखमेभोवती किरणोत्सारी द्रव्याची सुई देतात. ते द्रव्य ज्या गाठीकडे आधी वाहतं ती स्कॅनवर दिसते; ऑपरेशनमध्ये लहान चिऱ्यातून यंत्राने तिचा माग काढतात. तिचे अगदी बारीक काप करून तपासतात. रोग नसेल तर मान वाचली. असेल तर मग पूर्ण मान करावी लागते, प्रसंगी पुन्हा भूल देऊन.

यावर फ्रान्सची एक आणि जपानची एक अशा दोन चाचण्या २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. फ्रान्सच्या चाचणीत सेंटिनल केलेल्यांपैकी दोन वर्षांनी मानेत आजार न उलटलेले 90.7 टक्के होते. पूर्ण मान केलेल्यांत 89.6. जपानमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेले सेंटिनलमध्ये 87.9 आणि पूर्ण मान केलेल्यांत 86.6. म्हणजे ही पद्धत मागे पडत नाही. खांदा, मान वगैरेंचं कामही पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण मान केलेल्यांपेक्षा चांगलं राहिलं.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? कारण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, हाताखालून अशा बऱ्याच केसेस गेलेला सर्जन लागतो, आणि बारीक काप धीराने बघणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. यातलं एक जरी कच्चं असेल तर "गाठ स्वच्छ आहे" या वाक्याला अर्थ उरत नाही. जिभेच्या खालच्या बाजूला, तोंडाच्या तळाशी रोग असेल तर सुई दिलेल्या जागेचाच उजेड स्कॅनवर इतका पडतो की शेजारची गाठ त्यात लपते. चांगल्या केंद्रात, जिभेच्या छोट्या रोगासाठी, जरूर विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी "आम्हीही करू की" असं म्हणणाऱ्याला वर्षाला किती करता, हे तोंडावर विचारा. राग आला तर येऊ दे.

कोणाला काय

माझा कल लपून राहिला नसेलच. तरी सगळ्यांना एकच उत्तर नाही, आणि ते बहुतेक एका आकड्यावर ठरतं: रोग आत किती खोल गेलाय. लांबी-रुंदी नव्हे, खोली. परळच्या चाचणीत खोली 3 मिलिमीटरपर्यंत असताना गाठीत रोग सापडण्याचं प्रमाण 5.6 टक्के होतं; 4 मिलिमीटरला ते 16.9 वर गेलं. एका मिलिमीटरने तिप्पट. २०१८ पासून कॅन्सरचा टप्पा (स्टेज) ठरवतानाही ही खोली धरतात. म्हणून 3 मिलिमीटरच्या आतला रोग असेल तर थांबण्याची चर्चा जरूर करा, मान लगेच केल्याचा फायदा तिथे चाचणीतही ठळक दिसला नाही. त्याच्या वर मी तरी थांबणार नाही. अडचण अशी की नेमकी खोली जिभेचा भाग काढून तपासल्यावरच कळते. आधी एमआरआय आणि सर्जनच्या बोटांचा अंदाज. चिमटीएवढ्या बायोप्सीवर छापलेली खोली अंतिम समजू नका.

गालाच्या रोगाबद्दल एक पुस्ती जोडतो, कारण आपल्याकडे तोच भरपूर. चाचणीत बहुतेक रुग्ण जिभेचे होते, तेव्हा तिचे आकडे गालाला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. पण गालाचा मोठा तुकडा काढल्यावर हाताची किंवा मांडीची कातडी लावायची असेल, तर तिच्या रक्तवाहिन्या जोडायला मान उघडावीच लागते. तिथे गाठी ठेवून परत शिवण्यात अर्थ नसतो.

वय फार झालेलं, हृदय कमजोर, लांब भूल झेपणार नाही, अशांसाठी थांबणं हा पराभव नाही. फक्त मग मानेची सोनोग्राफी आणि तपासणीच्या तारखा ऑपरेशनच्या आधीच कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या एका माणसाच्या नावावर ते काम टाका.

पुढच्या फेरीला जाताना कागदावर एवढं लिहून न्या: खोली अंदाजे किती? मानेच्या कुठल्या पातळ्या काढणार? अकरावी नस राखणार का? सेंटिनलची सोय इथे आहे का, नसेल तर कुठे? फिजिओथेरपी कितव्या दिवसापासून? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जीभ आणि मान दोन्ही एकाच मंजुरीत बसतात की वेगवेगळे अर्ज करायचे, हे त्याच दिवशी योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. आणि घरी आल्यावर पेन्सिल शोधून ठेवा, खुणा कुठल्या भिंतीवर करायच्या त्यावरून आमच्याकडे दोन दिवस वाद चालला होता.